वहिनीच्या फिर्यादीत नणंदेचं नाव: अटक, नोकरी आणि फिर्याद रद्द होण्याची शक्यता

ताई, तुम्ही बरंच लिहिलंय. त्यातलं कामाचं तेवढं आधी मांडतो. तुम्ही नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात परिचारिका आहात आणि तुमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. धाकट्या भावाचं लग्न चार वर्षांपूर्वी झालं, त्याचा संसार पुण्यात. वर्षभरापूर्वी वहिनी माहेरी लातूरला गेली आणि आता तिथल्या पोलीस ठाण्यात तिची फिर्याद दाखल झाली आहे. आरोपी सहा: भाऊ, आई, वडील, तुम्ही, तुमचे पती आणि पुण्यातला एक चुलतभाऊ. तुमच्याबद्दल फिर्यादीत एकच वाक्य आहे: ‘नणंद व तिचा नवरा हे वेळोवेळी फोन करून व घरी येऊन वरील आरोपींना चिथावणी देत होते.’ तुमचे प्रश्न असे: अटक होईल का, नोकरी जाईल का, नाव निघेल का, आणि आपणही उलट फिर्याद द्यावी का.

मी मराठवाड्यात फौजदारी वकिली करतो. अशा प्रकरणांत सुनांची वकीलपत्रंही घेतली आहेत आणि सासरच्यांचीही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हाला आवडणार नाहीत तरी सांगेन. तुम्ही जे लिहिलंय ते खरं असेल तर अटकेची शक्यता कमी आहे, नोकरीला आज धोका नाही, नाव निघण्याची शक्यता चांगली आहे आणि उलट फिर्याद अजिबात देऊ नये. मात्र त्याआधी मला दोन गोष्टी हव्या आहेत आणि त्या तुमच्या मजकुरात नाहीत.

पहिली गोष्ट दागिन्यांची. वहिनीच्या अंगावरचा किंवा लग्नात घातलेला एखादा दागिना तुमच्याकडे, तुमच्या लॉकरमध्ये किंवा तुमच्या नावावरच्या सोनेतारण कर्जात आहे का? ‘आईनं सांभाळायला दिला होता’ हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय. तसं असेल तर छळाचा आरोप कितीही मोघम असो, अन्यायाने विश्वासघाताचं कलम तुम्हाला स्वतंत्रपणे लागू शकतं. स्त्रीधनाची मालक ती एकटी असते. सासरच्यांकडे ते फक्त सांभाळायला असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. असं काही असेल तर यादी करा, फोटो काढा आणि वकिलामार्फत तपासी अंमलदारासमोर पंचनामा करून परत द्या. गुपचूप कुणाच्या तरी हातून पाठवू नका, पोचल्याचा पुरावा राहत नाही.

दुसरी गोष्ट लग्नाच्या याद्यांची. बैठकीत कागदावर मानपान, सोनं, भांडी, संसारोपयोगी साहित्य लिहितात आणि खाली दोन्हीकडच्या चार-पाच माणसांच्या सह्या असतात. त्या कागदावर रोख रकमेचा उल्लेख आहे का, आणि सही करणाऱ्यांत तुमचे पती आहेत का? हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून आहे आणि हुंडा देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे. मात्र पीडित बाजूनं दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. म्हणून ‘त्यांनीही दिलाच की’ हा बचाव चालत नाही. जावयानं मोठेपणानं केलेली एक सही वर्षांनंतर पोलीस ठाण्यात समोर येते, तेव्हा त्याला ती आठवतही नसते. तो कागद शोधा.

दोन्ही उत्तरं ‘नाही’ अशी धरून पुढचं लिहितो.

फिर्यादीची भाषा नीट पाहा. ‘लग्नानंतर काही दिवस चांगले नांदवले. त्यानंतर फ्लॅटचे हप्ते भरण्यासाठी माहेरून पाच लाख रुपये घेऊन ये, असे म्हणून संगनमताने शिवीगाळ व मारहाण करून, उपाशीपोटी ठेवून शारीरिक व मानसिक छळ केला.’ लातूर, बीड, नांदेडची कुठलीही दहा फिर्यादी काढा, हे वाक्य सापडेल. बदलतं ते फक्त कारण: कुठे ट्रॅक्टर, कुठे प्लॉट, कुठे नोकरीसाठी भरायचे पैसे. जुन्या दंड संहितेची कलमंही ठरलेली असायची: ४९८-अ (सासरचा छळ), ३२३ (मारहाण), ५०४ (शिवीगाळ, अपमान), ५०६ (धमकी) आणि ३४ (संगनमत). आता भारतीय न्याय संहितेत ती ८५, ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५) झाली. १ जुलै २०२४ च्या आधीच्या प्रसंगांना जुनी कलमं लागतात आणि नंतरच्यांना नवी, त्यामुळे तुमच्या प्रतीत दोन्ही दिसली तर गोंधळू नका.

भाषा साचेबद्ध आहे म्हणून फिर्याद खोटी, असं मात्र समजू नका. वहिनी ठाण्यात जे बोलली ते अंमलदारानं आपल्या सवयीच्या वाक्यांत उतरवलं असणार. भावाच्या घरात काय घडलं हे तुम्हाला नाशिकहून जेवढं दिसलं तेवढंच ठाऊक आहे. ‘आमच्या घरात तिला कधी कुणी बोट लावलं नाही’ हे वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय. ते पोलिसांसमोर म्हणू नका. तुम्ही तिथं राहत नव्हता, हाच तर तुमचा बचाव आहे. जिथं मी नव्हते तिथं काय झालं हे मी सांगू शकत नाही, एवढंच तुमचं म्हणणं असायला हवं.

हा बचाव न्यायालयाला नवा नाही. २०१० च्या प्रीती गुप्ता प्रकरणात फिर्याद रांचीची होती, विवाहित नणंद गुजरातेत नवसारीला राहत होती आणि अविवाहित दीर मुंबईत गोरेगावला. सर्वोच्च न्यायालयानं त्या दोघांवरची कारवाई रद्द केली. २०१२ मध्ये गीता मेहरोत्रा प्रकरणात नणंद आणि थोरला दीर यांची नुसती नावं आली होती, कृत्य काहीच सांगितलं नव्हतं; तीही रद्द झाली. २०२२ चं कहकशां कौसर प्रकरण बिहारचं, तिथेही सरसकट, मोघम आरोपांवर सासरच्यांना खटल्याला उभं करू नये, असं न्यायालय म्हणालं. डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणातल्या दारा लक्ष्मी नारायण प्रकरणात नवऱ्यासकट सगळ्यांवरची फिर्याद रद्द झाली. नवऱ्याच्या घटस्फोटाच्या नोटिशीनंतर ती आली होती आणि ठोस प्रसंग एकही नव्हता. चुलतभावासाठी तुमच्या वकिलाला त्याच वर्षी नोव्हेंबरचा पायल शर्मा निकाल वाचायला सांगा. दूरच्या नातेवाइकांना ओढलं आहे का, हे तपासणं उच्च न्यायालयाचं कर्तव्यच आहे, असं त्यात म्हटलंय.

मात्र लांब राहणाऱ्या नातेवाइकावर गुन्हाच होत नाही, असं यातला एकही निकाल म्हणत नाही. प्रत्येकात प्रश्न तोच आहे: या माणसानं नेमकं काय केलं, कधी, कुठे? ‘दसऱ्याला नणंद आली, तिनं माझा मोबाईल काढून घेतला आणि सासूला सांगितलं की पैसे येईपर्यंत हिला माहेरी बोलू देऊ नको’ असं फिर्यादीत असतं, तर नाशिकचा पत्ता तुम्हाला वाचवू शकला नसता. तुमच्या वाक्यात तारीख नाही, प्रसंग नाही, चिथावणीचे शब्द नाहीत.

इथं एक विचित्र अडचण येते. तुम्ही विचारलंय, ‘मी ड्यूटीवर होते हे हजेरीपटावरून दाखवू का?’ कोणत्या दिवशी? फिर्यादीत दिवसच नाही, तर त्या दिवशी तुम्ही कुठे होता हे कसं दाखवणार? हजेरीपट ठेवा, पण सगळा भार त्यावर टाकू नका. आणि बचावाच्या भरात ‘मी फक्त भाऊबीजेला आणि मे महिन्यात गेले होते’ असा जबाब लिहून देऊ नका. नंतर पुरवणी जबाबात नेमकी भाऊबीज आणि मे महिनाच यायचा. गाळलेल्या जागा आपण का भरायच्या?

आता अटक. छळाच्या मुख्य कलमाची, म्हणजे ४९८-अ किंवा आताच्या ८५ ची, कमाल शिक्षा तीन वर्षं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असला तरी २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर पोलिसांना सरसकट अटक करता येत नाही. आधी नोटीस द्यावी लागते, जिला आजही सगळे ‘४१-अ ची नोटीस’ म्हणतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३५(३) खाली येते. नोटीस आली की दिलेल्या तारखेला जा, आधारची प्रत द्या, हजर राहिल्याची नोंद आणि पोच घ्या. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लिहावी लागतात. नाशिक-लातूर अंतर मोठं आहे, रजेची अडचण असेल तर आधीच लेखी कळवून पुढची तारीख मागा. फोनवर ‘बघू, बघू’ म्हणत राहिलं की ‘आरोपी तपासात सहकार्य करत नाही’ अशी नोंद होते, आणि ती पुढे जामिनाच्या अर्जात आडवी येते.

व्हॉट्सअॅपवर फिरणारी एक गोष्टही खोडून टाकतो: साठीच्या पुढच्यांना अटक होतच नाही. त्याच संहितेच्या कलम ३५(७) मधलं संरक्षण तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे आणि इथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. आई-वडिलांचं वय न्यायालय जामिनाच्या वेळी विचारात घेईलच, पण त्या कलमाच्या भरवशावर राहू नका. तसंच जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अलाहाबाद उच्च न्यायालयाची, प्रकरण आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवून दोन महिने अटक न करण्याची मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली, ही बातमी तुम्ही पाठवली आहे. ती खरी आहे, पण लातूरच्या ठाण्यात तुमचा तेवढाच आधार नको. २०१७ मध्ये अशाच समित्या आल्या होत्या आणि २०१८ मध्ये त्याच न्यायालयानं त्या काढून टाकल्या होत्या.

अटकपूर्व जामीन घ्यावा का? फिर्यादीत वर सांगितलेलीच कलमं असतील तर तुमच्यासाठी आणि पतीसाठी मी आधी नोटिशीला हजर राहण्याचा सल्ला देईन. भावासाठी मात्र लातूरच्या सत्र न्यायालयात अर्ज करावा. वडिलांवर किंवा चुलतभावावर विनयभंगाचं कलम लावलं असेल तर हिशेब बदलतो, मग त्यांचाही अर्ज त्याच दिवशी. वेळ कमी असेल तर नाशिकच्या न्यायालयातून मर्यादित काळाचं संरक्षण मागता येतं, २०२३ च्या प्रिया इंदोरिया निकालानं तो मार्ग मोकळा ठेवला आहे. फिर्याद लातूरला कशी, पुण्याला का नाही, हा मुद्दा मात्र सोडून द्या. छळामुळे स्त्री जिथं आसऱ्याला येते तिथंही फिर्याद देता येते, हे २०१९ च्या रूपाली देवी निकालानं मिटवलं आहे.

महिला साहाय्य कक्षात, ज्याला आता बऱ्याच ठिकाणी भरोसा सेल म्हणतात, भावाला दोनदा बोलावलं होतं आणि तो गेला नाही, हे तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. माझ्या मते सगळ्यात महागात पडलेली चूक तीच. आपल्याकडे फिर्याद सहसा एका दिवसात होत नाही. आधी अर्ज येतो, दोन्ही बाजूंना बोलावतात, तडजोड झाली नाही की कक्ष ठाण्याला पत्र देतो. तिथं गेला असता तर निदान वहिनीचं नेमकं म्हणणं काय आहे ते कळलं असतं. त्या कक्षाच्या फाईलमध्ये तिचा मूळ अर्ज असेल, त्याची प्रत मिळवायला वकिलाला सांगा. त्या अर्जात तुमचं नाव नसेल आणि फिर्यादीत अचानक आलं असेल, तर दहा निकालांपेक्षा तो कागद मोलाचा.

कागद काय जमवायचे? तुमचं रेशनकार्ड, घरभाड्याचा करार किंवा घरपट्टी, मुलांच्या शाळेचे दाखले, दोघांच्या नोकरीचे दाखले. हे सगळं एका अर्जासोबत तपासी अंमलदाराला द्या आणि पोच घ्या. असं का, तर पुढे दोषमुक्तीच्या, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून वगळण्याच्या, अर्जाच्या वेळी न्यायालय मुख्यतः पोलिसांच्या दोषारोपपत्रातले कागद पाहतं. आरोपीनं खिशातून काढलेला कागद तेव्हा सहसा विचारात घेत नाही. तुमचे कागद पोलिसांच्या फाईलमध्येच असले तर त्यांचा उपयोग होतो. चिथावणी फोनवरून दिली असा आरोप आहे, म्हणून कॉलचे तपशील मागवावेत असंही त्याच अर्जात लिहा, कारण मोबाईल कंपन्या ते ठरावीक काळच ठेवतात. वहिनीशी झालेलं चॅट मात्र एकही पुसू नका, त्यात काहीही असो. पुसलेलं तिच्या फोनमध्ये असतंच, आणि पुसणं हाच मग तुमच्याविरुद्ध मुद्दा होतो.

फिर्याद रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली होतो, पूर्वीचं ४८२. लातूर औरंगाबाद खंडपीठाच्या अखत्यारीत येतं, म्हणून मुंबईच्या वकिलाला पैसे मोजू नका. सहाही जण एकाच अर्जात गेलात तर बहुधा काय होतं ते सांगतो. न्यायमूर्ती फिर्याद वाचतात, नवऱ्याविरुद्ध मजकूर आहे म्हणतात, वकील त्याच्यापुरता अर्ज मागे घेतो आणि उरलेल्यांसाठी नोटीस निघते. सासू-सासरे एकाच घरात राहत असतील तर त्यांचंही कधी कधी तसंच होतं. म्हणून मी तुमचा, पतीचा आणि चुलतभावाचा अर्ज वेगळाच करीन. त्यात भावाच्या संसाराची बाजू मांडायची नाही, वहिनीच्या स्वभावावर एक अक्षर नाही. आमचं घर वेगळं, गाव वेगळं, आमच्याविरुद्धचा मजकूर हा एवढा, आणि तो पूर्ण खरा धरला तरी गुन्हा होत नाही. चार पानांत संपतं.

घरात यावरून कुरबूर होणार. ‘भावाला सोडून स्वतःचं बघतेस’ असं आईच म्हणेल. पण सहा जणांचा एक वकील असला की त्याचं सगळं लक्ष नवऱ्याच्या बचावाकडे जातं, आणि नवऱ्याचा बचाव नणंदेच्या बचावाच्या आड येऊ शकतो. तुम्ही सुटलात तर भावाचं काही बिघडत नाही.

उच्च न्यायालयात जायचं नसेल किंवा तिथं यश आलं नाही, तर दोषारोपपत्रानंतर लातूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दोषमुक्तीचा अर्ज आहेच. कागदांच्या प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांत तो करावा, असं नवी संहिता सांगते. ही तारीख बरेच वकीलही विसरतात.

नोकरीबद्दल: राज्य सरकारी कर्मचारी ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला तर तो निलंबित समजला जातो, हे १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत आहे. नुसत्या फिर्यादीनं तसं होत नाही. पतीला कामासाठी परदेशी जायचंय म्हणता, तर खटला प्रलंबित असताना पासपोर्टच्या नूतनीकरणाला न्यायालयाची परवानगी लागेल. ती मिळते, वेळ धरून ठेवा.

लातूरला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचाही अर्ज झाल्याचं तुम्ही लिहिलंय. त्याला घाबरू नका, त्याचं स्वरूप दिवाणी आहे आणि संरक्षण आदेश मोडल्याशिवाय त्यात अटक नाही. त्या कायद्यात ‘एका घरात कधीतरी एकत्र राहणं’ लागतं. भावाच्या लग्नाच्या सात वर्षं आधी तुम्ही सासरी गेलात, त्यामुळे तुमचं नाव वगळण्याचा अर्ज करता येईल. भावानं मात्र एक उद्योग करू नये: वडिलांच्या नावे ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज करून वहिनीला फ्लॅटबाहेर काढण्याचा. तो कायदा सुनेच्या निवासाच्या हक्कावर मात करण्यासाठी वापरता येत नाही, हे २०२० च्या वनिता प्रकरणात ठरलं आहे.

उलट फिर्याद का नको, तेही सांगतो. तिच्यावर चोरीची, बदनामीची केस केलीत तर ‘आमचा काही संबंधच नव्हता’ हा तुमचा एकमेव मजबूत मुद्दा तुम्हीच घालवता. संबंध नसलेली नणंद फिर्याद कशाची देईल? आरोप खोटा ठरला तर भावाला घटस्फोटासाठी तो मानसिक क्रूरतेचा मुद्दा म्हणून वापरता येईल, २०१३ च्या श्रीनिवास राव निकालात तसं आहेच. ते त्याचं त्या वेळी बघेल.

वहिनीच्या बाजूचं कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगतो. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या २०२२ च्या आकड्यांत ४९८-अ या एका कलमाखाली देशभरात १ लाख ४० हजारांच्या आसपास गुन्हे नोंदले गेले. महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांतला सर्वांत मोठा वाटा हाच. त्यातल्या थोड्यांनाच शिक्षा होते याचा अर्थ बाकीच्या खोट्या, असा नव्हे. मधल्या वर्षांत तडजोडी होतात, साक्षीदार फिरतात, फिर्यादी थकते. पण सहा नावं घातली की उलटतपासणीत आरोपीचा वकील आधी चुलतदिराबद्दल विचारतो, ते वाक्य पडतं, आणि पडलेल्या वाक्याचा डाग नवऱ्याविरुद्धच्या खऱ्या आरोपावरही येतो. ज्यानं मारलं त्याचं नाव, तारीख, दवाखान्याचा कागद आणि दागिन्यांची पावती, एवढ्यावर फिर्याद द्या. ‘सगळ्यांना घातलं की लवकर मिटतं’ असं सांगणारे गावात पुष्कळ असतात, वकिलांतही असतात.

आता तडजोडीचं. तुमच्या मजकुरावरून दोघं पुन्हा नांदतील असं वाटत नाही, म्हणजे कधीतरी संमतीनं घटस्फोट आणि रकमेची बोलणी होतील. हा गुन्हा खालच्या न्यायालयात आपसात मिटवता येत नाही. समझोत्यानंतरही फिर्याद रद्द करून घ्यायला खंडपीठातच जावं लागतं. त्यामुळे संमतीच्या अटींत ‘केस मागे घेईन’ एवढं मोघम वाक्य चालवू नका. सहाही आरोपींची नावं, गुन्हा नोंद क्रमांक, हिंसाचार कायद्याखालचा अर्ज आणि पोटगीचा अर्ज मागे घेण्याची तारीख, आणि उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देण्याची जबाबदारी, सगळं लिहून घ्या. रकमेचा शेवटचा हप्ता खंडपीठात फिर्याद रद्द होईल त्या दिवशीचा ठेवा. हे तिच्याही सोयीचं आहे, कारण आधीचे हप्ते तिच्या खात्यात जमा झालेले असतात. भाऊ घाईनं पूर्ण रक्कम आधीच देऊन बसला आणि त्यानंतर प्रतिज्ञापत्रासाठी वहिनीला लातूरहून बोलावत राहावं लागलं, तर तोवर तारखांना तुम्हीच जाणार आहात.